पिसारोची जाले टेकडी: ओरडणारा हिरवा, सुरीचा चिखल आणि भिंतीसारखा उतार

विचारलेलं थोडक्यात असं: कामीय पिसारोचं १८६७ सालचं ‘जाले टेकडी, पाँत्वाज’ हे चित्र समोर ठेवून तैलरंगात दोनदा नक्कल केली. दोन्ही वेळा हिरवा रंग प्लास्टिकसारखा ओरडला, टेकडी भिंतीसारखी उभी राहिली आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंग थापायच्या सुरीने, केलेल्या भागाचा चिखल झाला. वर शंका अशी की हे चित्र इम्प्रेशनिस्ट (तुटक फटकाऱ्यांनी प्रकाश पकडणाऱ्या शैलीचं) दिसतच नाही, मग अभ्यासाला घ्यावं की सोडून द्यावं?

सोडू नका. ते इम्प्रेशनिस्ट दिसत नाही हे निरीक्षण मात्र बरोबर आहे. इम्प्रेशनिस्टांचं पहिलं प्रदर्शन १८७४चं, म्हणजे हे चित्र त्याच्या सात वर्षं आधीचं. तेव्हाचा पिसारो सदतीस वर्षांचा. वेस्ट इंडीजमधल्या सेंट थॉमस बेटावर जन्मलेला हा माणूस १८५५मध्ये पॅरिसला आला, निसर्गचित्रकार कोरोच्या सल्ल्याने शिकला आणि १८६४ व १८६५च्या सलाँ प्रदर्शनांत (पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनांत) त्याने स्वतःची नोंद कोरोचा शिष्य अशी केली. १८६६मध्ये तो पॅरिसच्या वायव्येला, वाज नदीकाठच्या पाँत्वाज गावी राहायला गेला. गावाला लागून एर्मिताज नावाची वस्ती, आणि तिच्या मागची चढण म्हणजे ही जाले टेकडी. हे चित्र १८६८च्या सलाँमध्ये लागलं. त्या वर्षी निवड समितीत चित्रकार दोबिन्यी होता आणि त्याने पिसारोसारख्या तरुण चित्रकारांची बाजू लावून धरली. लेखक एमिल झोलाने चित्राबद्दल भरभरून लिहिलं. त्याच्या मते हे खरंखुरं आधुनिक खेडं आहे, माणसाने खणलेली, कापलेली, पट्ट्यापट्ट्यांत वाटलेली जमीन आहे, आणि इतका साधा विषय असूनही चित्र भव्य वाटतं.

झोलाने जमीन कापलेली आहे असं म्हटलं, ते नक्कल करणाऱ्याने पक्कं धरून ठेवावं. तुमच्या तिन्ही अडचणींचं मूळ तिथेच आहे. हे चित्र ठिपक्यांनी किंवा फटकाऱ्यांनी झालेलं नाही, मोठ्या सपाट तुकड्यांनी बांधलेलं आहे. नुसतं ‘इम्प्रेशनिस्ट’ या नावावर भरवसा ठेवून तुटक, चमचमते फटकारे मारत गेलात तर बांधणी पहिल्याच तासात मोडते. त्यातला प्रकाश ठिपक्यांतून आलेला नाही. शेजारशेजारच्या दोन तुकड्यांची उजळ-गडद पातळी, म्हणजे आपण ज्याला टोन किंवा व्हॅल्यू म्हणतो ती, अचूक लागल्यामुळे तो आलेला आहे. कोरोने त्याला आधी आकार आणि व्हॅल्यू पाहायला सांगितलं होतं, असं सांगतात. चित्र बघितल्यावर त्यावर विश्वास बसतो.

आता मोजमापं. मूळ कॅनव्हास ८७ गुणिले ११४.९ सेंटिमीटर, न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. संग्रहालयाने त्याची मोठ्या आकाराची प्रतिमा मोफत उतरवून घेण्यासाठी खुली ठेवली आहे, तीच वापरा. इतरत्र मिळणाऱ्या प्रतिमांमध्ये हिरवा रंग हमखास भडक केलेला असतो आणि अर्धं दुखणं तिथूनच येतं. फ्रान्समध्ये कॅनव्हास ठरावीक नंबरांत विकले जात. पन्नास नंबरचा ‘व्यक्तिचित्र’ आकार ११६ गुणिले ८९, त्याच नंबरचा ‘निसर्गचित्र’ आकार ११६ गुणिले ८१. पिसारोचं चित्र पहिल्याच्या जवळ बसतं, म्हणजे नेहमीच्या निसर्गचित्रापेक्षा उंच. चढणीला उभी जागा लागते, म्हणून हा आकार विषयाला फिट बसतो. बाजारातला ४० गुणिले ६० चा तयार कॅनव्हास घेऊन वरून किंवा खालून कापाकापी केलीत तर टेकडी आपोआप बसकी होते. नेमका निम्मा आकार घ्या: ५७.५ गुणिले ४३.५. लांबीचे आठ आणि उंचीचे सहा भाग केले की सुमारे सव्वासात सेंटिमीटरचे जवळजवळ चौरस घरं मिळतात. चौकटी कोळशाने आखा, पेन्सिलीने नको. ग्राफाइट पुढे पातळ रंगातून वर दिसत राहतं.

रेखाटनात पाच गोष्टी जागच्या जागी आल्या की पुरे: पुढची वाट, वाटेवरच्या दोन स्त्रिया, मधल्या खोलगट भागातली घरांची छपरं, त्यामागे चढत गेलेली टेकडी आणि टेकडीची आकाशाला टेकणारी कड. झाडांची पानं काढत बसू नका. झाड म्हणजे इथे एक गडद आकार आहे आणि त्याची बाहेरची रेषा महत्त्वाची आहे.

मग रंगाला हात लावण्याआधी पाच टोन ठरवा. मूळ प्रतिमेकडे डोळे बारीक करून पाहा. फोनवर ती कृष्णधवल करून पाहायला हरकत नाही, पण तो टोन अंतिम मानू नका, कारण फोन तांबडा आणि हिरवा एकाच करड्यात ढकलतो. पहिल्या, सर्वांत उजळ टोनमध्ये ढगांचे उजेडातले भाग, घरांच्या ऊन पडलेल्या भिंती आणि वाटेचे काही तुकडे येतात. दुसऱ्यात फिकट शेतं, तिसऱ्यात हिरवी शेतं, चौथ्यात छपरं आणि झाडांची उजेडाची बाजू, पाचव्यात झाडांची सावली. बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून या पाच टोनांत सगळं चित्र एका बैठकीत भरा. दीड-दोन तास लागतात. या अवस्थेत चित्र दहा फुटांवरून ओळखू आलं नाही तर रंग लावून ते कधीच ओळखू येणार नाही. पुसा आणि परत करा; टर्पेंटाइनचा थर पुसायला फडकं पुरतं. पिसारोनेही उतारवयात एका तरुण चित्रकाराला हाच सल्ला दिला होता: आकाश, पाणी, फांद्या, जमीन सगळ्यावर एकाच वेळी काम करत राहा आणि पहिल्या झटक्यात कॅनव्हास झाकून टाका. तीस वर्षं आधीच्या या चित्रालाही तो लागू पडतो.

हिरव्याचं दुखणं बहुतेक वेळा ट्यूबमध्ये असतं. विद्यार्थी दर्जाच्या ट्यूबवर ‘व्हिरिडियन ह्यू’ (व्हिरिडियन या थंड हिरव्यासारखी छटा) लिहिलेलं असतं, आत फ्थॅलो ग्रीन हा वेगळा, जास्त तीव्र हिरवा असतो. ट्यूबच्या पाठीवर रंगद्रव्याचा क्रमांक पाहा: पीजी १८ असेल तर खरा व्हिरिडियन, पीजी ७ असेल तर फ्थॅलो. १८६७मध्ये फ्थॅलो अस्तित्वातच नव्हता. व्हिरिडियन मात्र १८५९च्या पेटंटनंतर बाजारात आला होता, म्हणजे तेव्हाचा नवाच माल. फ्थॅलोची रंग चढवायची ताकद व्हिरिडियनच्या कितीतरी पट असते. त्याच प्रमाणात मिसळलात की सगळं शेत प्लास्टिकचं होणारच. पीजी ७च हाताशी असेल तर ब्रशच्या टोकावर येईल तेवढाच घ्या. सॅप ग्रीनची तयार ट्यूब तर या चित्रासाठी कपाटातच राहू द्या.

शेतांचा मुख्य हिरवा असा करा: यलो ऑकर पाच भाग, खरा व्हिरिडियन एक भाग, पांढरा दोन ते तीन भाग, आणि शेवटी लाइट रेड किंवा बर्न्ट सिएना सुईच्या टोकाएवढा. शेवटच्या तांबड्याशिवाय हिरवा बसत नाही. तोच त्याचा आवाज खाली आणतो. दुसरा हिरवा कोबाल्ट ब्लू आणि यलो ऑकरचा: हा मुळातच करडा असतो, टेकडीच्या वरच्या भागाला चालतो. झाडांच्या सावलीसाठी व्हिरिडियन, बर्न्ट सिएना आणि थोडा अल्ट्रामरीन. पांढरा अजिबात नको, नाहीतर सावलीवर पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं. फक्त झाडांच्या उजेडाच्या बाजूला चार ठिकाणी कॅडमियम लेमन घालून उजळ हिरवा लावा. चार म्हणजे चारच. पॅलेटवर हिरवा बरा वाटला तर तो कॅनव्हासवर भडक दिसेल असं समजा. पॅलेटवर जो हिरवा मळका, जवळजवळ राखाडी वाटतो तो शेजारी तपकिरी पट्टा आला की हिरवा दिसतो.

पिसारोने १८६५च्या सुमारास काळा, बिट्युमेन (डांबरी तपकिरी), सिएना आणि ऑकर पॅलेटवरून हद्दपार केले होते, अशी त्याचा चित्रकार मित्र सेझान याच्या नावाने एक आठवण सांगितली जाते. ती वाचून काही जण मातीचे सगळे रंग काढून टाकतात आणि अडकतात. या चित्रातले तपकिरी, भुरे पट्टे नजरेआड करता येत नाहीत. तांबडा, निळा, पिवळा मिसळूनही तशी मातकट छटा येते, पण शिकणाऱ्याला ऑकरच्या ट्यूबने दुप्पट वेगाने शिकता येतं. तत्त्व नंतर पाळा. बिट्युमेन मात्र खरंच टाळा; तो कधी पूर्ण वाळत नाही आणि वरचे थर फाडतो.

पांढऱ्याबद्दलही थोडं. त्या काळचा पांढरा म्हणजे शिशाचा सफेदा: उबदार, चिवट आणि ब्रशच्या मागे दोरीसारखा ओढला जाणारा. तो विषारी आहे, घरात कोरडी पूड हाताळू नका. आजचा टायटॅनियम व्हाइट थंड आणि जास्त झाकणारा आहे, त्यामुळे त्याने उजळ केलेला रंग खडूसारखा दिसतो. उपाय सोपा आहे: बैठकीच्या सुरुवातीलाच वाटाण्याएवढा ऑकर अख्ख्या पांढऱ्यात मिसळून ठेवा. झिंक व्हाइट मुख्य पांढरा म्हणून नको, वर्षांनी ठिसूळ होतो. निम्म्या आकाराच्या या चित्राला पांढऱ्याची ४० मिलीची एक ट्यूब जवळजवळ संपते. रंग वाचवत बसलात तर सपाट तुकडा बसणार नाही.

आता सुरीकडे. पिसारोने ही सवय चित्रकार कूर्बेपासून उचलली. १८६६चं ‘हिवाळ्यातला मार्नचा काठ’ आणि १८६७चं त्याचं वस्तुचित्र पाहिलं तर सुरीने थापलेला रंग किती जाड आहे ते दिसतं. जाले टेकडीत सुरीपेक्षा सुरीची शिस्त महत्त्वाची आहे: एक तुकडा, एक रंग, एक हात, मग हात उचलायचा. रुंद चपट्या ब्रशनेही हीच शिस्त पाळता येते आणि नवशिक्याने निम्मं काम १८-२० मिलीमीटरच्या चपट्या ब्रशनेच करावं. (१८७४च्या प्रदर्शनात पिसारोच्या ‘पांढऱ्या दहिवर’च्या चित्राला समीक्षक लुई लेरॉयने घाणेरड्या कॅनव्हासवर खरवडलेली पॅलेट म्हटलं होतं. आपला चिखल झाला की तेवढा धीर पुरे.)

चिखलाची कारणं बहुतेक चार. खालचा थर ओला असतो आणि सुरी त्याला वर ओढते. रंगात तेल जास्त असतं. सुरी प्रत्येक हाताला पुसली जात नाही. आणि सगळ्यांत जास्त घडतं ते हे की एकदा ठेवलेल्या तुकड्यावरून सुरी परत फिरते. पहिल्यासाठी अंबरचा पातळ थर एक-दोन दिवस सुकू द्या. घाई असेल तर तो थर अॅक्रिलिकने करा. अॅक्रिलिकवर तेल चालतं, तेलावर अॅक्रिलिक नाही. दुसऱ्यासाठी ट्यूबमधला रंग वीस-तीस मिनिटं टिपकागदावर ठेवा, जादा तेल कागद पितो आणि रंग लोण्यासारखा घट्ट होतो. मात्र असा रंग सगळीकडे वापरू नका. तेल फारच कमी झालं तर वाळल्यावर तो भुसभुशीत आणि फिका होतो. सुरी घ्यायची ती मानेपाशी वाकलेली, चार-पाच सेंटिमीटर पात्याची. मिश्रणाची सरळ सुरी वापरलीत तर बोटांची पेरं ओल्या रंगात बुडतात. थर मिलीमीटर-दीड मिलीमीटरचा पुरतो. छपरांसाठी पात्याची फक्त कड रंगात बुडवा आणि कॅनव्हासवर टेकवून सरळ ओढा. छपराची रेषा एका हातात नाही आली तर तो तुकडा खरवडून काढा. दुरुस्त करू नका.

राहिली टेकडी. ती भिंतीसारखी दिसते ही तक्रार मात्र अर्धीच खरी आहे, कारण ती थोडी भिंतीसारखीच हवी आहे. सपाट शेतावरचे पट्टे क्षितिजाकडे जाताना झपाट्याने बारीक होतात. समोर उभ्या चढणीवरचे पट्टे तितके दबत नाहीत, कारण उताराचं तोंड आपल्याकडे असतं. पिसारोने याच गोष्टीचा फायदा घेतला आहे: कड वर चढवली, आकाश थोडं ठेवलं आणि डोळ्याला दूर पळू न देता टेकडीवर अडवून धरलं. पट्टे वर जाताना बारीक करत गेलात तर टेकडी निजते आणि चित्र संपतं.

मग ती नुसती भिंत का वाटत नाही? टेकडीच्या पायथ्यामुळे. तुमच्या नकलेत बहुधा घरं आणि टेकडी एका रेषेवर आली आहेत. मूळ चित्रात वाट खाली उतरते, मध्ये खोलगट जागा आहे, घरांची छपरं टेकडीच्या पायथ्यावर चढलेली आहेत आणि पायथा जिथे जमिनीला भेटतो ती जागा दिसतच नाही. डोळा ती दरी स्वतः भरून काढतो. म्हणून छपरांच्या कडा धारदार ठेवा आणि त्यांच्या लगेच मागचा टेकडीचा रंग मऊ, शेजारच्या टोनच्या जवळचा ठेवा. टेकडीची वरची कड आकाशापाशी मध्यम धारदार. सगळीकडे सारखी धार दिलीत तर कागद कापून चिकटवल्यासारखं दिसतं. शेतांच्या सीमांवर धारदार रेषा ओढू नका. दोन रंगांचे तुकडे एकमेकांना भिडले की रेषा आपोआप तयार होते.

इथे मराठी चित्रकाराची एक सवय आड येते. सह्याद्रीत रांगेमागे रांग असते आणि मधल्या धुक्याने प्रत्येक मागची रांग निळी होत जाते. तो हात इथेही चालतो आणि जाले टेकडी निळी केली जाते. पण ही टेकडी वस्तीच्या मागेच आहे, मैलोगणती दूर नाही. तिच्या हिरव्याला आणि तपकिरीला वर जाताना फार तर एक पायरी फिकं करा. निळा घालू नका. प्रकाशही वेगळा आहे. पॅरिसच्या आसपास जूनमध्येसुद्धा भर दुपारचा सूर्य साधारण ६४ अंशांवरच जातो, त्यामुळे भिंतींवर आणि झाडांवर एका बाजूने ऊन पडतं. पुण्याकडे मे महिन्यात दुपारी तो जवळजवळ डोक्यावर असतो, सावल्या पायाखाली गोळा होतात आणि उताराची सगळी शेतं एकाच टोनची दिसतात. हीच बांधणी वाई-पाचगणीच्या उतारावर करून बघायची असेल तर सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर बसा, आणि पातळ ढग असेल तर आणखी बरं.

वाटेवरच्या दोन स्त्रिया शेवटी करा, पण त्यांची उंची पहिल्याच दिवशी कोळशाने ठरवून ठेवा. वाटेचं, झुडपांचं आणि घरांचं मोजमाप त्यांच्यावर टांगलेलं आहे. उंची अर्धा सेंटिमीटर वाढली तर वाट ओटीएवढी आखूड होते. चेहरा, बोटं, घडी काही नको. अंगाचा एक उभा फटकारा, पोशाखाचा एक रुंद फटकारा, डोक्याचा एक ठिपका, आणि जमिनीवर पडलेली सावली. सावली विसरलात तर त्या वाटेवर तरंगतात.

वाळवण्याकडेही लक्ष द्या. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात जवसाच्या तेलाचा जाड थर हाताला वाळायलाच दहा-पंधरा दिवस घेतो, आणि सुती कॅनव्हास दमट हवेत सैल पडतो. चौकटीच्या कोपऱ्यातल्या पाचरी हलक्या ठोकून तो ताणा, पाणी शिंपडून नको. चित्र अंधाऱ्या कपाटात ठेवलंत तर तेल पिवळं पडतं, भिंतीकडे तोंड करूनही ठेवू नका. काही ठिकाणी रंग मॅट आणि बुडाल्यासारखा दिसेल, विशेषतः गडद झाडांत. तयार कॅनव्हासचा अॅक्रिलिक गेसो (पांढरं अस्तर) तेल शोषतो म्हणून तसं होतं. तिथे जवस तेल आणि टर्पेंटाइन सारख्या भागांत घेऊन बोटाने अगदी पातळ चोळा आणि फडक्याने जवळजवळ सगळं पुसून घ्या. वार्निशची घाई नको, सहा महिन्यांच्या आत नाहीच.

पुढचा प्रश्न बहुधा असेल की नक्कल करणं कमीपणाचं का. १८७२च्या सुमारास सेझानने पिसारोच्या लुव्हसिएन या पॅरिसजवळच्या गावाच्या एका निसर्गचित्राची नक्कल केली, तीही मूळ चित्रापेक्षा लहान आकारात. त्या काळात दोघं पाँत्वाजच्या परिसरात शेजारी शेजारी काम करत होते. आणि पिसारोचं सुरुवातीचं काम फारसं उरलेलंही नाही: १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो लंडनला गेला, लुव्हसिएनच्या घरात प्रशियन सैनिक राहिले आणि त्याने मागे ठेवलेली बहुतेक चित्रं नष्ट झाली. १८६७चं एक मोठं चित्र पूर्ण समजून घेण्याची संधी म्हणून विरळा आहे.

पूर्ण झालेल्या नकलेच्या मागे, कॅनव्हासच्या लाकडी चौकटीवर, ‘पिसारोच्या चित्रावरून’ असं, स्वतःचं नाव आणि वर्ष पेन्सिलीने लिहा. पुढच्या बाजूला पिसारोची सही उतरवू नका.